उजव्या खुर्चीतली दोघं

"मागची खुर्ची मिळन काय, मॅडम?"

मी मान वळवून पाहिलं. कॉकपिटच्या दारात एक लांबलचक मुलगा कंबरेत वाकून उभा होता. आमच्या पंख्यांच्या छोट्या विमानात उंच माणसाला सरळ उभं राहताच येत नाही, त्यामुळे तो उगाचच फार नम्र वाटत होता. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीच्या तोंडातून बाहेर डोकावणारे हरभऱ्याचे हिरवेगार डहाळे…

आम्ही बेलोऱ्याला, म्हणजे अमरावतीच्या विमानतळावर होतो. अमरावतीहून मुंबईला निघायला थोडाच वेळ उरला होता, माझ्यापुढे शंभर कामं होती, आणि हा दारात भाजीवाल्यासारखा! भाजीवाल्यांचा मला राग नाही. मी स्वतः चांदूर बाजारच्या भाजी-फुलं पिकवणाऱ्या घरातली आहे. पण म्हणून कॉकपिटमध्ये?

"कोण आपण?" मी जमेल तेवढ्या करड्या आवाजात विचारलं.

"सहदेव गावंडे. तुमच्याच कंपनीत आहो. तुमच्यासारखाच… उजव्या खुर्चीतला." तो हसला. "मांगं एकबी सीट नाही राहिली."

विमानात समोर दोन खुर्च्या असतात. डावी कॅप्टनची, उजवी आमची, म्हणजे फर्स्ट ऑफिसरची. लोक त्याला को-पायलट म्हणतात. त्या दोन्हींच्या मागे एक घडीची खुर्ची असते, कंपनीच्याच माणसाला कधी अडीनडीला जायचं असेल तर. तिच्यावर कोणी बसायचं ते कॅप्टन ठरवतो, आणि त्या दिवशीचे कॅप्टन होते देवस्थळी.

देवस्थळींबरोबर माझा तो पहिलाच दिवस होता. त्यांच्याबद्दल मी इतकं ऐकलं होतं की आल्यापासून प्रत्येक बटण दोनदा तपासत होते. ते डाव्या खुर्चीत बसून शांतपणे बूट काढत होते. हो, बूट! देवस्थळी लोकरीचे मोजे घालून विमान चालवत. मोजे त्यांच्या बायकोने विणलेले, आणि दोन पायांत दोन रंगांचे. "विमान पायांना कळलं पाहिजे," असं ते म्हणत.

"बसू दे त्याला," ते मागे न बघता म्हणाले. "पण हरभरा सोलायचा नाही. आवाज होतो."

आम्ही उडालो. वर येऊन विमान सरळ झालं, पट्ट्यापट्ट्यांची काळी वावरं खाली संथ सरकू लागली. मला जरा हायसं वाटतंय तोच देवस्थळींनी मला विचारलं, "निलखन, खाली कोणती नदी?"

"सर… बहुतेक—"

मागून खोकला आला. साधासुधा नाही, ठसकाच. मी तिरक्या नजरेने पाहिलं, तर सहदेव गावंडे डोळे मोठे करून नकारार्थी हात हलवत होता. मी घाबरून पुन्हा खाली बघितलं. अजून अकोल्याच्या अलीकडेच आहोत, धरण डावीकडे…

"काटेपूर्णा, सर."

"बरोबर." मग खूप वेळाने, तसंच समोर बघत, "गावंडे, खोकला बरा झाला का?"

"हो सर," मागून अगदी बारीक आवाज आला.

मुंबईला उतरल्यावर तो माझ्याबरोबर चालू लागला. त्याचे लांब पाय, माझी छोटी पावलं. तो मुद्दाम हळू चालत होता हे मला कळत होतं.

"त्यायच्यासमोर 'बहुतेक' नाही म्हनायचं," तो म्हणाला. "माहीत आहे किंवा माहीत नाही, दोनच. मी एकडाव म्हनलो होतो, तं भोपाळपर्यंत बोलले नाहीत माह्यासंगं."

"अन् तुमी मले वाचवलं काहून?" मीही घरच्या बोलीवर आले. मुंबईच्या विमानतळावर वऱ्हाडी बोलायला मिळालं की जिभेला कसं मोकळं वाटतं…

"मधात दोन-अडीच फूट अंतर. डोळ्यांसमोर मानूस बुडत असला तं हात द्याच लागते." त्याने पिशवीतून एक जुडी काढून माझ्यापुढे धरली. "घ्या. आमच्या पातूरच्या वावरातला आहे."

"म्हंजे अकोलेवाले तुमी. तुमच्याकडे विमानतळ आहे, विमान नाही."

"म्हनून तं तुमच्या दारात या लागते," तो म्हणाला, आणि मी ती जुडी घेतली. 

दोन जावा एका घरात नांदतील, पण दोन को-पायलट एका कॉकपिटमध्ये कधीच बसत नाहीत. एक डावा लागतो, एक उजवा. त्यामुळे मी आणि सहदेव एकाच कंपनीत, एकाच विमानांवर, एकाच खुर्चीत बसायचो, पण नेहमी आळीपाळीने. सकाळी विमान हातात घेताना खुर्ची पार मागे सरकलेली दिसली की मला कळायचं, आदल्या दिवशी तो होता. मग ती खुर्ची माझ्या मापाला पुढे ओढताना मला उगाच हसू यायचं.

आमची ओळख वाढली ती कॅप्टनांमुळे. रोज रात्री त्याचा आवाजी निरोप यायचा. "उद्या तुले फर्नांडिस आहेत. ते विमानात चढायच्या आदी पंख्याले सलाम करतात. हसू नको. तूबी कर, दिवस चांगला जाते." मी दुसऱ्या दिवशी सलाम केला, फर्नांडिसांनी मला लँडिंग दिलं, म्हणजे विमान मला उतरवू दिलं.

मी त्याला उलट निरोप पाठवायची. "ग्रेवालसंगं जपून. लँडिंग जोरात झालं तं दरवाज्यात उभे राहून एकेका प्रवाशाले सांगतात, 'मैंने नहीं किया जी, को-पायलट ने किया.' मिशीवर कंगवा फिरवत सांगतात वरून!" ग्रेवालांनी हे माझ्या बाबतीत केलं तेव्हा एका आजीबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवून "होते बाई असं" म्हटलं होतं. मी त्या आठवड्यात रागाने रोज उतरण्याचाच अभ्यास केला.

आणि सुब्रमण्यम! दोन्ही पायलटांनी एकच पदार्थ खायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. न जाणो, अन्न बाधलं तर दोघं एकदम आडवे व्हायचे. बाकीचे हे विमानातल्या जेवणापुरतं पाळतात. सुब्रमण्यम घरून दहीभात आणत आणि आदल्या दिवशी फोन करून विचारत, तू उद्या सकाळी घरी काय खाणार आहेस? "मी पोहे सांगितलं," सहदेव म्हणाला होता, "अन् खाल्ला दहीभात. दिवसभर ते माह्याकडे बघत, अन् मले वाटे आता पकडते."

अशी हसता हसता सवय लागली. एखाद्या रात्री निरोप आला नाही की मला झोप यायची नाही, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही फारसं सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात दोघांना एकदम सुट्टी मिळाली. मी घरी आले होते. तो अकोल्याहून रेल्वेने बडनेऱ्याला उतरला आणि तिथून अमरावतीत आला. "बहिणीसाठी साडी पाहाची आहे" म्हणून. साडीचं दुकान आम्ही बाहेरूनसुद्धा पाहिलं नाही. राजकमल चौकाजवळ एका गाडीपाशी उभे राहिलो. त्याने दोन बोटं वर केली. "काका, दोन गिला वडा."

"नाही!" मी ओरडले.

"अरे हो, नाही नाही!" तोही ओरडला. "एक गिला वडा, अन् एक आलूबोंडा."

गाडीवाले काका झारा हातात धरून आमच्याकडे बघू लागले. "काहून? गिला वडा चांगला नाही काय आमचा?"

"चांगला आहे काका. पन आमी दोघायनं एकच चीज नाही खाची."

"नवस बोलले काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि असे हसलो, असे हसलो की काकांनी प्लेटा पुढे सरकवल्या आणि पाठ फिरवली. मग मी त्याच्या प्लेटीतला अर्धा गिला वडा उचलला.

"आता दोघंबी आडवे झालो तं?" तो म्हणाला.

"जमिनीवर आहोत आपन."

"हो…" तो माझ्याकडे बघत राहिला. "इथून पडलं तं जास्त लागनार नाही."

संध्याकाळी मी त्याला बडनेऱ्याला सोडायला गेले. गाडीला उशीर होता. फलाटावर गरम वारा, वारा थांबला की चहाचा वास. तो बाकावर बसला होता, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले. आणि हवामान सांगावं तशा आवाजात म्हणाला, "वर्षाली, तू मले आवडते."

मला तिथल्या तिथे हो म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. पण मी जरा वेगळ्या मातीची आहे, म्हणजे हट्टी आहे, असं आई सांगते. बाबांशी माझा करार झालेला होता: खांद्यावर चौथी पट्टी, म्हणजे कॅप्टनची, लागल्याशिवाय घरात लग्नाचा विषय काढायचा नाही. माझ्या बरोबरीच्या दोघी लग्न झाल्यावर "सध्या" म्हणून घरी थांबल्या होत्या, त्या अजून सध्यातच आहेत. मला सध्यात अडकायचं नव्हतं. मला डाव्या खुर्चीत बसायचं होतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो ऐकत होता.

"म्हंजे नाही म्हनते काय?"

"नाही नाही म्हनत. आदी चौथी पट्टी, मंग उत्तर."

"बरं." त्याने थोडा विचार केला. "पन एक गोष्ट लक्षात आली काय तुह्या? कंपनीचा नियम…"

आली होती. आमच्या कंपनीत नवरा-बायकोला, किंवा लग्न ठरलेल्या जोडीला, एका कॉकपिटमध्ये बसवत नाहीत. घरचं भांडण असो की घरचा लाड, विमानात नको. ठरलं की कंपनीला सांगायचं, आणि सांगितल्या दिवसापासून रोस्टरवर, म्हणजे कोण कोणाबरोबर उडणार त्या तक्त्यावर, दोघांची नावं कधी शेजारी येत नाहीत.

"आता दोघंबी उजवे, म्हनून एकत्र नाही," तो म्हणाला. "अन् लग्न झाल्यावर नवरा-बायको, म्हनून एकत्र नाही. मंग मी तुह्याशेजारी बसून विमान उडवनार तरी कवा?"

"एक जन कॅप्टन झाला अन् दुसरा नाही झाला, त्याच्या मधात. अन् लग्न ठरायच्या आदी."

"लय बारीक फट आहे."

"तेवढ्यातून जाऊ," मी म्हटलं. गाडी येताना दिसली. त्याने दारात उभं राहून हात केला, आणि मी गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत तिथून हलले नाही.

दिवाळीच्या सुमाराला सुब्रमण्यम निवृत्त झाले आणि कॅप्टनच्या प्रशिक्षणासाठी एक जागा निघाली. एकच. पात्र आम्ही दोघं होतो, मी आणि सहदेव. तो माझ्याआधी कंपनीत लागलेला, म्हणून पहिला हक्क त्याचा. मला वाईट वाटलं, पण ते रास्त होतं. मी मनाशी ठरवलं, याला आनंदाने डाव्या खुर्चीत बसवायचं, शेजारी आपण बसायचं, आणि पुढची जागा आपली.

मग एके दिवशी, प्रशिक्षणाचे प्रमुख असलेल्या देवस्थळींबरोबर उडताना, ते मोज्यातला अंगठा हलवत म्हणाले, "निलखन, तुझी तयारी कर. गावंडेनं नाव मागे घेतलं."

"का, सर?"

"म्हणाला, घरगुती अडचण. मी विचारलं कोणती, तर म्हणाला, बहुतेक शेतीची." देवस्थळींनी नाक मुरडलं. "बहुतेक!"

मला एका क्षणात सगळं समजलं. माझे कान तापले. पुढे विमान मी कसं नीट उतरवलं माझं मला ठाऊक. देवस्थळी म्हणाले की लँडिंग उत्तम होतं.

सहदेव तेव्हा सुट्टीवर घरी होता. आम्ही अमरावतीला उतरलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी माझीही सुट्टी होती. मी अमरावतीहून एसटीने अकोला गाठलं, अकोल्याहून पातूर, आणि विचारत विचारत थेट त्यांच्या वावरात जाऊन उभी राहिले. कापसाची वेचणी चालली होती. पांढऱ्याशुभ्र बोंडांच्या मधून त्याचं डोकं वर आलं. कंबरेला ओटी बांधलेली, तिच्यात कापूस, केसांतही कापूस.

"वर्षाली? तू कशी काय—"

"तू नाव काढून घेतलं?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. थोड्या अंतरावर त्याची आई, माणिकबाई, वेचत होत्या. त्यांचे हात थांबले.

"अवं, ऐकून तं घे… मी थोडा मांगं सरलो तं काय झालं? तुही चौथी पट्टी लवकर येईन. तू मंग…" त्याने आवाज खाली आणला. "तू मंग उत्तर देशीन."

"बसमध्ये बाईले जागा देतात, तशी देऊन राहिला काय तू मले?" मी आवाज खाली वगैरे आणला नाही. "माही पट्टी मले कोनी दान नाही द्याची! उद्या मी कॅप्टन झाली, अन् लोक म्हनले गावंडेनं सोडलं म्हनून निलखनले भेटलं, मंग? जनमभर मी तेच ऐकू? अन् तुले काय कॅप्टन नाही व्हाचं?"

"व्हाचं आहे."

"मंग खोटं काहून बोलला?"

तो कापसाचं एक बोंड हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. तेवढ्यात माणिकबाई जवळ आल्या. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं, मग मुलाला.

"ही कोन रे?" त्यांनी त्यालाच विचारलं.

"माह्यासंगं विमान… म्हंजे माह्यासंगं नाही…" तो अडखळला.

"कोनीबी असो," माणिकबाई म्हणाल्या. "पोरगी म्हनते ते बरोबर आहे. खोटं कायले बोलला तू?" आणि मला म्हणाल्या, "चाल बाई, सावलीत बस. भाकर खाऊन जाशीन. भांडन झालं की भूक लागते मानसाले."

मी भाकर खाल्ली. पिठलं होतं, तिखटजाळ. सहदेव समोर बसला होता, आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते, आणि तरी मला तो फार आवडत होता. राग आणि प्रेम एकदम आलं की फार पंचाईत होते. निघताना मी एवढंच म्हटलं, "तू नाव घातलं नाही, तं मीबी काढून घेतो." आणि मुंबईला पोचल्यावर मी खरंच काढून घेतलं.

दोन दिवसांनी देवस्थळींनी आम्हा दोघांनाही समोर उभं केलं. टेबलाखाली त्यांच्या पायांत बूट नव्हते.

"एक जागा, दोन उमेदवार, आणि दोघांनी नावं काढली," ते म्हणाले. "आता खुर्चीत माझी मांजर बसवू? तिला नद्या येत नाहीत." मग त्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "मला कारण नको. मी म्हातारा आहे, आंधळा नाही. दोघं सिम्युलेटरमध्ये या. ज्येष्ठता विसरा. जो चांगला उडवेल तो."

सिम्युलेटर म्हणजे खोलीत उभं केलेलं खोटं विमान, पण घाम खरा येतो. देवस्थळींनी माझं एक इंजिन बंद पाडलं, वारा आडवा सोडला, आणि धावपट्टी जवळ आल्यावर म्हणाले, "पट्टीवर गाय आहे." मी विमान पुन्हा वर घेतलं. पुन्हा आले. पुन्हा गाय. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "सर, गाय उठेपर्यंत माझ्याकडे इंधन आहे का?" त्यांनी हसून गाय उठवली, आणि मी विमान उतरवलं. बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

माझ्यानंतर सहदेव गेला. तोही बाहेर आला तो असाच भिजलेला, आणि ओठ घट्ट मिटलेले. संध्याकाळी निकाल कळला. मी निवडली गेले होते. त्याला सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं होतं. आडव्या वाऱ्यात तो दोनदा पट्टीच्या कडेला गेला होता.

आनंद होण्याआधी मला शंका आली. मी सरळ देवस्थळींकडे गेले. "सर, तो मुद्दाम तर…"

"मुद्दाम हरला असता तर मी त्याला कंपनीतच ठेवला नसता," ते म्हणाले. "जीव तोडून उडवलं पोरानं. तू त्याच्यापेक्षा चांगलं उडवलंस. विषय संपला. घरी जा."

बाहेर जिन्यात सहदेव उभा होता. डोळे लाल होते. त्याने हात पुढे करून माझं अभिनंदन केलं, अगदी रीतसर. मग म्हणाला, "मले लय वाईट वाटून राहिलं. अन् तुह्यासाठी लय चांगलंबी वाटून राहिलं. दोन्ही खरं आहे."

"सहा महिन्यांनी तू पास होशीन."

"होईन," तो म्हणाला. 'बहुतेक' नाही म्हणाला.

प्रशिक्षण संपलं, परीक्षा झाल्या, चौथी पट्टी आली. बाबांना फोन केला तर ते मळ्यात शेवंती तोडत होते. त्यांनी हातातली टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "झाल्या काय चार? तं मंग आता विषय काढू?"

"तुमी नका काढू बाबा. मीच काढतो," मी म्हटलं. आमचं घर माळ्याचं, त्याचं कुणब्याचं. दोन्हीकडे चार लोक चार गोष्टी बोलणार हे मला ठाऊक होतं. ते मी निस्तरणार होते. ज्याला गाय उठेपर्यंत आकाशात फिरता येतं त्याला मामा-मावश्यांचं काय भय!

पण त्याआधी रोस्टर आलं. आमची पहिली जोडी: कॅप्टन वर्षाली निलखन, फर्स्ट ऑफिसर सहदेव गावंडे. मुंबईहून अमरावती. त्या दिवशीच्या आमच्या कामाचे तास तिथे संपत होते आणि पुढे दोघांची सुट्टी होती. विमान परत न्यायला दुसरा क्रू प्रवासी म्हणून मागे बसून येणार होता. त्या क्रूचे कॅप्टन होते देवस्थळी.

आम्ही उडालो. माझ्या उजव्या हाताला तो… इतकी वर्षं ज्या खुर्चीत मी बसले, त्या खुर्चीत तो. मी काही सांगायच्या आत त्याचा हात त्या बटणाकडे गेलेला असायचा. मी मान हलवली की त्याला कळायचं. मी पुष्कळ माणसांबरोबर उडले आहे, पण असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, हे असंच चालावं. रोज. वर्षानुवर्षं.

बाळापूर मागे गेलं, खाली अकोला आलं. उन्हात मोर्णा नदीची रेघ चमकली.

"वर्षाली," तो म्हणाला. "चौथी पट्टी आली. मी आता इचारू काय?"

मी समोर बघत राहिले. "उत्तर देलं तं हे संपते, सहदेव. हे असं शेजारी बसनं."

"माहीत आहे मले." तो थांबला. "म्हनून एक इचार आला… आपन कोनालेच नाही सांगत. वरीसभर असंच उडू. मंग सांगू. कोनाले काय समजते?"

मला मोह झाला, आत्ता खोटं कशाला बोलू! वर्षभर हे आकाश, हा माणूस, ही खुर्ची. फक्त गप्प राहायचं होतं. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात विमान उतरत उतरत दहा हजार फुटांवर आलं. दहा हजार फुटांखाली कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, हा नियम आहे, आणि तो मी मोडत नाही.

"दहा हजार," मी म्हटलं.

"दहा हजार," तो म्हणाला, आणि गप्प झाला.

तेवढा वेळ मला पुरला. खाली काटेपूर्णा गेली, मूर्तिजापूर गेलं, काळी वावरं मोठी होऊ लागली. मी विचार केला, वर्षभर लपवायचं म्हणजे वर्षभर खोटं बोलायचं. माणिकबाईंच्या वावरात मी ज्यासाठी एवढी भांडले तेच आता मी करणार का? आणि ज्याला मी लोकांपुढे नाव द्यायला घाबरते, ते प्रेम कसलं? टॉवरने वारा सांगितला. आडवा होता.

"लँडिंग तुझं," मी सहदेवला सांगितलं.

त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग विमान हातात घेतलं. वारा डावीकडून ढकलत होता, तो पायांनी सावरत होता, जबडा आवळलेला. माझे हात मांडीवर होते. मी ते तिथेच ठेवले. चाकं पट्टीच्या अगदी मधोमध टेकली. इतक्या अलगद की मागे कुणीतरी टाळी वाजवली.

विमान जागेवर उभं राहिलं. इंजिनं बंद झाली, पंखे फिरत फिरत थांबले. त्याने चेकलिस्ट वाचली, मी उत्तरं दिली, शेवटपर्यंत. मग त्याने माझ्याकडे तोंड वळवलं आणि मी खिशातून फोन काढला.

"रोस्टरिंग? कॅप्टन निलखन बोलतेय, अमरावतीहून. एक नोंद करा. मला आणि फर्स्ट ऑफिसर सहदेव गावंडेंना यापुढे एका विमानात टाकू नका."

पलीकडे पिंटू होता, रोस्टर बनवणारा. तो एकदम काळजीत पडला. "काय झालं मॅडम? भांडण झालं का?"

"नाही. लग्न ठरलं."

"अरे वा! कधी?"

मी सहदेवकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं.

"आत्ताच," मी म्हटलं, आणि फोन बंद केला.

"मले तं आदी सांगाचं होतं!" तो कसाबसा म्हणाला. "कंपनीले आदी सांगते काय कोनी?"

"तुले आदी सांगितलं असतं, तं तू म्हनला असता, एक वरीस थांबू."

ते खरं होतं, आणि त्यालाही माहीत होतं. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. मलाही रडू आलं. सुखाचं होतंच, पण त्या दोन खुर्च्यांसाठीही होतं. आम्ही पुन्हा कधी तिथे शेजारी शेजारी बसणार नव्हतो, आणि ते मला खरंच फार लागलं.

दारावर टकटक झाली. देवस्थळी बूट हातात घेऊन उभे होते. "उतरा आता. मला विमान न्यायचंय."

सहदेव आधी उतरला. पायऱ्यांच्या खाली थांबून त्याने माझ्याकडे हात केला. बाहेर फाटकापाशी बाबा स्कूटर घेऊन उभे दिसत होते, या बाजूलाच बघत होते. मी बॅग डाव्या हातात घेतली आणि उजवा त्याच्या हातात दिला.